गिरणीच्या फळ्यावर माझं नाव

भाचीनं मोबाइलवर स्वतःचा ब्लॉग सुरू केला आणि चार ओळी लिहून माझ्यापुढं तोंड पाडून बसली. म्हणाली, "मावशी, मी माझ्याबद्दल लिहिलेलं लोकांनी का म्हणून वाचावं?" मला तिचा नाही, तिच्या डोक्यात हा प्रश्न घालणाऱ्यांचा राग आला. हाच प्रश्न मलाही एकदा विचारला होता, तोही तोंडावर. तेव्हा मोबाइल कुठला? माझ्याकडं फळा होता. पिठाच्या गिरणीचा.

लग्न होऊन मी पूर्णेला आले ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या धरणं, परवा कुणाची तरी जेलातून सुटका. नवरा रेल्वेत, घरी कमी आणि गाडीत जास्त. घरची गिरणी सासूबाई आणि धाकटे दीर चालवायचे. सासूबाई वजनाच्या काट्यावर बसायच्या, दीर चक्की बघायचे. मी बारावीपर्यंत शिकलेली, अक्षर बरं, म्हणून दाराशेजारी फळा म्हणून टांगलेला काळा पत्रा माझ्या वाट्याला आला. त्यावर लिहायचं काय, तर 'ओलं दळण आणू नये', 'बाजरीवर गहू दळून मिळणार नाही', नाहीतर 'लाइट आल्यावर या'. रोज तेच पुसायचं आणि रोज तेच लिहायचं.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. खडू हातात होता, कोपरा रिकामा होता. मी लिहिलं, 'आज मला उठावंसंच वाटत नव्हतं. घरादाराच्या भाकरी थापताना वाटलं, एक दिवस माझ्यासाठी कुणी थापल्या तर काय बिघडेल?' आणि खाली माझं नाव.

पहिली आली ती रेल्वे क्वार्टरमधली बाई. तिनं 'आज उठावंसंच' एवढं वाचलं आणि मागच्यांना ओरडून सांगितलं, "चला गं, गिरणी बंद हाय आज!" डबे डोक्यावर घेऊन सगळ्या रुळांपलीकडच्या गिरणीला गेल्या. फळ्यावर काही लिहिलं म्हणजे तो हुकूमच असायचा. त्यावर एखाद्या माणसाला नुसतं काही वाटलेलं असू शकतं, हे कुणाच्या गावीच नव्हतं.

"काय लिवलीस गं तू? गिऱ्हाइकं पळाली समदी," सासूबाई म्हणाल्या.

"मला वाटलं ते लिहिलं, आत्याबाई."

"तुला वाटतंय ते चुलीम्होरं सांग. फळ्यावर गिरणीचं लिव."

चुलीपुढं सांगायला ऐकणारं कोण होतं? चूलच. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, फक्त वर मोठ्या अक्षरात 'गिरणी चालू आहे' असं टाकलं आणि खाली माझं सुरू केलं. नळावरच्या भांडणाबद्दल लिहिलं, तर शेजारीण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. 'मलाच टोमणा मारला,' असं तिनं गल्लीभर सांगितलं. दुसऱ्या दोघींनाही तो टोमणा आपल्यालाच वाटला. नवरा गाडीवर गेला की घर कसं मोठं वाटतं ते लिहिलं, तर एका म्हाताऱ्यानं काठी आपटून विचारलं, "बाईमानसानं चारचौघांत 'मी, मी' लिवायचं कशाला? तू कोन लागून गेलीस? तुजं कोन वाचावं?" शाळेतले एक गुरुजी त्यातल्या त्यात गोड बोलले. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. रोज एक सुविचार लिहीत जा." सुविचार! दुसऱ्यानं कधीतरी म्हटलेलं मी रोज उठून कशाला गिरवू? ते गिरवलं तर अक्षर सुरेख, आणि माझं लिहिलं तर 'तू कोण?' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण लाइट जायची, आणि ती जायची हे माझं भाग्य. चक्कीचा पट्टा थांबला की बाया डब्यांना टेकून बसायच्या. मग वाचता येणारी जी असेल तिला बाकीच्या म्हणायच्या, "काय लिवलंय वाच की." ती वाचायची. कुणी हसायची, कुणी म्हणायची, "अगं, माजं बी आसंच हाय." पुढं पुढं तर दळण नसतानाही एखादी डोकावून जायला लागली. ते बघून जो आनंद झाला तो मला मॅट्रिकच्या निकालानंही झाला नव्हता.

बाया थांबतात हे दिरांच्याही ध्यानात आलं. ते तरुणांच्या मंडळात होते, बोलायला धडाडीचे, दोनदा लाठ्या खाल्लेले. म्हणाले, "वैनी, मोर्च्याचं लिवायला फळा द्या." मी आनंदानं दिला. नामांतर मला काय नको होतं? मी स्वतः बाळाला कडेवर घेऊन तहसीलवर जाऊन आले होते. मोर्च्याची वेळ, जागा, घोषणा मीच माझ्या हातानं लिहायची आणि उरलेल्या पट्टीत माझं लिहायची. मग हळूहळू माझ्या ओळी तेवढ्या राहायच्या आणि खालचं नाव पुसलेलं दिसायचं. विचारलं तर दीर म्हणायचे, "जागा लागली, वैनी." माझं नाव ते केवढं! तिथं बिडीचं बंडलसुद्धा मावलं नसतं.

अशातच मी माझ्या माहेरचं लिहिलं. नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या वस्तीला आग लावली होती. मी लिहिलं, 'जळत्या घरातून माझ्या आईनं एक तवा तेवढा बाहेर आणला. लोक अजून विचारतात, तवाच का? आई म्हणते, दुसऱ्या दिवशी भाकरी करायची होती.' एवढंच. हे लिहायला मला वर्षं लागली होती. त्या दिवशी बायांनी ते दोनदा वाचून घेतलं. लाइट आली तरी बाया थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

काही दिवसांनी क्वार्टरमधली तीच बाई परभणीचं एक साप्ताहिक घेऊन आली आणि सासूबाईंचे हात हातात धरून म्हणाली, "आत्याबाई, तुमी लय सोसलं वो. कदी बोलला न्हाईत."

"काय सोसलं म्या?"

तिनं वाचून दाखवलं. 'जळत्या घरातून माझ्या आईनं एक तवा तेवढा बाहेर आणला.' शब्दन् शब्द तोच. खाली नाव दिरांचं.

सासूबाई चक्कीजवळच्या दिराकडं वळल्या. "म्या कवा तवा काडला रे? आपलं घर कवा जळालं?"

बायांनी माझ्याकडं बघितलं. नुसत्या ओळी चोरल्या असत्या तर तिथल्या तिथं भांडले असते. यानं माझी आईच नेली होती. तिनं आगीतून जे आणलं ते यानं बसल्या जागी उचललं होतं.

संध्याकाळी घरात मी विचारलं. दीर आधी हसले, मग चिडले. "घरचंच नाव हाय की, वैनी. चळवळीचं काम हाय. नाव कुनाचं का आसंना, मजकूर लोकांत गेला न्हाई का?"

"नाव कुणाचंही चालतं?"

"मग! नावात काय ठिवलंय?"

"हेच ना ते नामांतराचे विरोधक विद्यापीठाबद्दल म्हणतात? इमारत तीच, वर्ग तेच, मग नाव कशाला पाहिजे? तेव्हा तुमच्या डोक्याच्या शिरा ताठ होतात. लाठ्या खाल्ल्यात तुम्ही नावासाठी. आणि माझं पुसताना फडकंसुद्धा जड लागलं नाही?"

ते ताडकन उठून बाहेर गेले. जाताना म्हणाले, "उद्यापासून फळ्यावर मंडळाचंच लिवलं जाईल. तुमचं काई न्हाई." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि लेकाचं ताट झाकून ठेवलं; मला त्यांचाही राग आला.

सकाळी मी लवकर फळा धुतला आणि त्यावर फक्त माझं नाव लिहिलं. मोठं, लांबून दिसेल असं. खाली काहीही नाही. राग गेला नव्हता, पण अक्षर सरळ आलं.

सासूबाई काट्यावर बसायला आल्या, फळ्यापुढं थांबल्या. "आज लय थोडं लिवलीस. काय हाय?"

"माझं नाव."

"निस्तं नाव?"

"हो."

त्यांनी जवळ येऊन फळा खालीवर बघितला. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "खाली माजं लिव."

मला क्षणभर त्यांचं नाव आठवेना. घरात त्यांना आई म्हणत, बाहेर आत्याबाई म्हणत, नाहीतर थोरल्याची माय. त्यांनीच सांगितलं, हळू, लाजून. मी लिहिलं. रांगेतली एक म्हणाली, "माजं बी." मग दुसरी, मग तिसरी. नळावरून रुसलेली शेजारीणसुद्धा पुढं झाली. पत्रा वरपासून खालपर्यंत भरला. लाइट होती, पट्टा मात्र कुणी चालू केला नव्हता.

दीर आले ते मंडळाचा कागद हातात घेऊन. परभणीच्या मोर्च्याची सूचना लिहायची होती. फळ्यावर बोटभरही जागा नव्हती. त्यांनी नावं वाचली नाहीत, सरळ खुंटीवरचं ओलं फडकं काढलं.

"थांब," काट्यावरून सासूबाई म्हणाल्या. "वरून दुसरं माजं हाय. पुसायचं तर त्येच्यापासून पूस."