धुराला नोकरी लागली!

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साठायचे. कीस संध्याकाळी झाडून काढता येतो. किस्से मात्र तिथंच राहतात, आणि जुने दोस्त चहाला जमले की कुठून कुठून बाहेर येतात!

संगमनेरला नाशिक रोडवर आमचं वर्कशॉप. मालक बापू मिस्त्री, वेल्डिंगला यशवंता आणि लेथवर मी. मोठा दुष्काळ पडायच्या आधीच्या उसाच्या हंगामातली ही गोष्ट.

नदीपलीकडच्या नामदेवने बैलजोडी विकून छोटा डिझेल ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टर गुणी, पण उसाची ट्रॉली घेऊन नदीतून वर येताना अर्ध्या चढावर हमखास बसायचा. तिथं रंगनाथ अण्णा बैलजोडी घेऊन उभे असायचे. अडकलेली गाडी ओढून द्यायचे आणि दमडी घ्यायचे नाहीत. अट एकच. वर पोचलं की टोपी काढायची आणि बैलांच्या पाया पडायचं!

आणि जोडी कुठली? हरण्या-पाखऱ्या. नामदेवनेच विकलेली!

रोज दोन खेपा, रोज दोन नमस्कार. सगळा चढ हसायचा. एक दिवस नामदेव टोपी हातात घेऊनच वर्कशॉपमध्ये आला.

"बापू, टोपी घालायचंच सोडलंय आता. काय तरी करा, न्हाईतर ट्रॅक्टर इकून टाकतो."

मला फार वाईट वाटलं. पण यशवंताला हसू आवरेना!

*

बापूंच्या टेबलावर धरणाच्या कामावरच्या कुठल्याशा परदेशी मशीनचा एक लहानसा टर्बोचार्जर होता. भंगारात मिळालेला. तीन वर्षं तो बिलांवर पडून होता, कागद उडू नयेत म्हणून.

नामदेव बोलत असताना बापूंनी तो उचलला आणि तोंडाने फुंकर मारली. आतलं चाक गर्रकन फिरलं. बापूंनी आणखी एक फुंकर मारली. मग म्हणाले,

"यशवंता, कागदांवर दगड ठेव. ह्याला नोकरी लागली!"

*

दुसऱ्या दिवशी नामदेव बायकोला, भागीरथीबाईंना, घेऊन आला. ट्रॅक्टरवर त्यांचाही जीव होता. बापूंनी पाटीवर चित्र काढलं आणि सांगायला लागले. इंजिनाचा धूर फुकट बाहेर जातो. त्या धुराने एक पंखा फिरवायचा. त्याच दांडीवर दुसरा पंखा, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबणार. हवा जास्त, की थोडं जास्त डिझेल जाळता येतं, की ताकद जास्त.

नामदेव म्हणाला, "म्हंजे आपलाच धूर आपल्याच तोंडात?"

बापूंनी पाटी पुसली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. तेवढ्यात भागीरथीबाई म्हणाल्या,

"अवो, चुलीला फुंकनी लावतो तसंच हाय की! त्यात येवढं काय?"

बापूंनी खडू खाली ठेवला. "वहिनी," ते म्हणाले, "हा भंगारात मिळाला तेव्हा हे कळायला मला बारा दिवस लागले!"

*

खरी परीक्षा यशवंताची होती. टर्बो बसवायला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीला फ्लँज, म्हणजे बोल्टाच्या भोकांची चकती, जोडायची होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड, भारी नाजूक. गरम वेल्डिंग गार झालं की टिंग! दोनदा तडा गेला. तिसऱ्यांदा गेला असता तर नळीच संपली असती, आणि नामदेवचा हंगामही.

मग यशवंता ती नळी घेऊन शेजारच्या गुऱ्हाळावर गेला. चुलाणाच्या तोंडाशी लाल केली, वेल्डिंग मारलं आणि गरम राखेत पुरली. हळूहळू गार व्हायला हवी ना! वर स्वतः पहारा देत बसला. तिथल्या मंडळींची रताळी रोज त्याच राखेत भाजली जायची.

"राखेला हात लावायचा न्हाई!" यशवंता ओरडला.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली, कुठं केसाएवढाही तडा नाही. आमचं नाचायचंच बाकी होतं. गुऱ्हाळवाले म्हातारबा म्हणाले, "झालं का बाळंतपन? मग आता रताळी ठिवू का?"

*

पहिल्या चाचणीला हवेचा पाइप फट्कन निसटला. शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर! तो गृहस्थ नेमका ट्रॅक्टर कंपनीचा मेकॅनिक निघाला. फेस पुसत तो आत आला, टर्बो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हे काय केलंत? वॉरंटी गेली!"

बापू पाइपला क्लिप आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "वॉरंटी चढ चढते का?"

*

सोमवारी आम्ही तिघं वर्कशॉप बंद करून नदीवर गेलो. बातमी आधीच पोचलेली. अख्खा चढ माणसांनी भरला होता. अण्णा हरण्या-पाखऱ्याला घेऊन नेहमीच्या जागी उभे. खाली नामदेव, मागे काठोकाठ भरलेली ट्रॉली. टोपी डोक्यावर!

ट्रॅक्टर निघाला. बापूंनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ दोन दिवस होते. अर्ध्या चढावर, नेहमीच्या ठिकाणी, इंजिनाचा आवाज खाली बसला. कुणीतरी हसलं. अण्णांनी कासरा हातात घेतला.

आणि मग बारीक शिट्टी सुरू झाली. टर्बोची! धूर काळा झाला, चाकांनी माती धरली आणि ट्रॅक्टर हलला. बैलांच्या समोरून, अण्णांच्या समोरून, न थांबता थेट वर! यशवंता लहान पोरासारखा ओरडत मागे धावला. बापू डोळे पुसत होते. माझंही तेच झालं.

वर नामदेवने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि लोकांच्या शाबासक्या घेत चालत परत अर्ध्या चढावर आला. टोपी काढली. हरण्याच्या पाया पडला, मग पाखऱ्याच्या.

अण्णा गोंधळले. "आज कशापायी रं, नामदेवा? आज तर आमी वढलंच न्हाई तुला!"

नामदेवने टोपी झटकून डोक्यावर घातली.

"म्हनूनच!"