सरांची पिवळी कॅन

त्या दुपारी मी तलावाच्या काठावरच्या उंच खुर्चीत बसले होते. गोव्यातल्या एका हॉटेलात पोहणाऱ्या पाहुण्यांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. ड्युटीवर फोन घ्यायचा नसतो, पण याडीचं नाव दिसलं म्हणून घेतला. याडी म्हणजे आमच्या राठोड सरांची बायको. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई, आणि पुसदच्या कॉलेजात सरांकडे पोहायला शिकलेली सगळी पोरं तिला याडीच म्हणत. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुये सर गेले. झोपेतच गेले." मला रडू आलं नाही, भीती वाटली. माझा जीवच घाबरट. परीक्षा असो, नवं काम असो, नवा साहेब असो, मी आधी सरांना फोन लावायची. आता कोणाला लावू...

महिना होत आला. पण सरांना आठवायला बसलं की हसूच येतं, माणूसच तसा होता. महागावकडच्या तांड्यातले, विहिरीत पोहायला शिकलेले. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धेला गेले, तेव्हा पोहण्याचा तलाव त्यांनी पहिल्यांदा पाहिला. सगळ्यांच्या आधी पलीकडच्या भिंतीला पोचले, बाहेर निघाले आणि गमछ्यानं अंग पुसायला लागले. बाकीचे भिंतीला हात लावून केव्हाच माघारी वळले होते. "मले वाटलं, आपून जिंकलो," एवढं सांगून ते स्वतःच इतके हसायचे की पुढची गोष्ट राहूनच जायची.

पुढे त्याच कॉलेजात ते खेळाचे शिक्षक झाले. पोहण्याचा संघ काढतो म्हणाले, तर प्राचार्यांनी विचारलं, तलाव कुठे आहे? सरांनी खिडकीतून कॉलेजच्या वावरातली पायऱ्यांची विहीर दाखवली. त्या विहिरीतून पोरं स्पर्धेला जाऊ लागली, आणि भिंतीशी वळणं सर त्यांना सगळ्यात आधी शिकवायचे. खूप वर्षांनी कॉलेजला खरा तलाव झाला, पाटीवर सरांच्या नावाखाली 'जलतरण प्रशिक्षक' लागलं. तरी नवशिक्याला ते विहिरीवरच न्यायचे. रिटायर झाल्यावरही.

माझी आई कॉलेजच्या होस्टेलात स्वयंपाक करायची. आठवीतून शाळा सोडून मी तिच्यासोबत पोळ्या लाटू लागले. काम आटोपलं की विहिरीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. एक दिवस सर खालून म्हणाले, "पाह्यनं फुकट हाये पोरी, अन् पोहनं बी फुकटच हाये. मंग वरतं कायले उभी राह्यतं?"

त्यांची रीत अशी, की तेलाची रिकामी पिवळी कॅन झाकण घट्ट लावून पाठीला बांधायची. तिच्या जोरावर माणूस तरंगतो. सर ती बांधायचे पाण्यात उतरल्यावर, आणि सोडून घ्यायचे पाण्यातून निघायच्या आधी. उन्हाळाभर मी त्या कॅनच्या भरवशावर पोहले. मग एका सकाळी सर म्हणाले, आज कॅन नाही. मी पायरी धरून रडायला लागले, बुडीन म्हणाले. बाकीची पोरं गालातल्या गालात हसत होती. सरांनी कॅन माझ्या हातात दिली. हात एकदम खालीच गेले, इतकी जड.

"झाकन काढून पाह्य."

आत काठोकाठ पाणी.

"हे कवाची भरेल हाये, सर?"

"रोज थोडी थोडी भरून राह्यलतो. मंग तुले कोनं तारलं, सांग आता."

विहिरीवर कायदा एकच होता. ज्याची कॅन भरली, त्यानं पुढच्याला सांगायचं नाही. पोरं हसत होती ती म्हणून. पुढच्या पोरीच्या वेळी मीही हसले.

त्या पोहण्यावर मला हे काम मिळालं. जीवरक्षकाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी फोनवर सगळं सांगितलं, बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं, दम कसा राखायचा. तेव्हा दर वेळी फोन गरम व्हायचा, सर थांबायचे नाहीत. मग हळूहळू बोलणं आटत गेलं. मी विचारायची, काय करू? ते म्हणायचे, तुले काय वाटते? शेवटी शेवटी मी एकटीच बोलायची, तिकडून नुसतं "हं..." हॉटेलनं लहान मुलांना शिकवायचं काम मला द्यायचं ठरवलं, तेव्हा मी घाबरून फोन लावला, तर म्हणाले, "मी गाईले चारा टाकून राह्यलो. तुया साहेबाले काय सांगाचं, ते तुलेच ठाव." आणि ठेवून दिला. मी याडीकडे तक्रार केली, सर आता माझ्याशी बोलत नाहीत. याडी नुसती हसली. मला तेव्हा तिचाही राग आला होता.

माझ्याकडेही एक पिवळी कॅन आहे. पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, साहेबांना वाटतं तिच्यात तलावाचं औषध आहे. परवा एका घाबरलेल्या मुलीला उथळ पाण्यात उतरवलं. ती चष्मा नीट करत होती तेवढ्यात मी झाकण उघडून थोडं पाणी कॅनमध्ये घेतलं... आणि हात तसाच थांबला. ते "तुले काय वाटते", ते "हं", तो चारा. विहिरीवरची पोरं हसायची तशीच याडी हसली होती. कायदा तिलाही ठाऊक होता.

मी झाकण घट्ट लावलं, कॅन मुलीच्या पाठीला बांधली.

"कॅन आहे ना?" तिनं मागे न बघता विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "चल."