पान्याचं कुलूप

आमच्या उमेळे गावात लाईट गेली की माणसं ओट्यावर येऊन बसतात. आमचे हे मात्र तेव्हाच करवतीचं पातं बदलायला घेतात. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं सुतारकाम चालतं. लोखंडी टेबल, मधोमध गोल पातं. बदलायचं तर भिंतीतल्या पॉइंटमधून करवतीची पिन आधी काढायला हवी, पण त्यांचं गणित साधं होतं, "लाईटच नाय, मग पिन कशाला काडायची?" मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून अशा वेळी मी त्यांची 'मास्तरीणबाई' होते.

एका दुपारी फळी अर्धी कापलेली असताना लाईट गेली. बटण तसंच चालू राहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा पात्याच्या दातांत लाकडाची पाचर अडकवून हे पान्याने नट सोडवायच्या बेतात होते. "आधी चहा घ्या, निवतोय," म्हटलं, म्हणून त्यांनी कपाला हात घातला. तेवढ्यात लाईट आली. पातं गर्रकन फिरलं आणि पाचर भिंतीवर जाऊन आदळली.

"देव तारी त्याला कोन मारी," हे म्हणाले आणि चहा प्यायले. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. बोटं गेली तर सुताराकडे उरतं काय?

मग राग निवला आणि डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. सांगून ऐकत नाहीत, पण लाकूड त्यांना ऐकायला लावेल का? प्लायचे तुकडे घेऊन पात्यावर बसेल असं खोकं केलं. आतल्या खाचेत दात अडकले की पातं फिरत नाही, आणि बाजूला फक्त नटापुरतं भोक, म्हणजे हात सटकला तरी प्लायवरच आपटेल. खरी गंमत वरच्या कप्प्यात होती. पाना त्यात ठेवून खिट्टी लावायची, आणि खिट्टी सरकवायला तीन भोकं, मशीनच्या पिनेच्याच मापाची. पिन भोकांत घातल्याशिवाय पाना बाहेर येणार नाही. आणि पिन भोकांत असेल तर भिंतीत कशी असेल?

हे हसले, पण बोट फिरवून खाच तपासली. "तिरकी झालीय," म्हणाले आणि पटाशीने स्वतःच सरळ केली. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या रविवारी लाईट गेली तेव्हा मुद्दाम बघायला गेले. ह्यांनी लाकडाच्या ढलपीत तीन खिळे ठोकले, भोकांत घातले आणि पाना काढून माझ्यासमोर नाचवला. खरी पिन भिंतीतच. चोरी पकडावी की कारागिरीला दाद द्यावी, हेच कळेना. पण एवढा खटाटोप? खिळे ठोकण्यापेक्षा पिन काढणं सोपं नव्हतं का?

"एकदा तरी खरी पिन काढून दाखवा," मी हट्टच धरला.

"तूच काड ना."

"नाही, तुम्हीच."

पॉइंट होता फळ्यांच्या थप्पीमागे, जमिनीपासून वीतभर. टेबलाला धरून, थांबत थांबत ते खाली गेले. पिन ओढली. मग उठायला लागले आणि उठताच येईना. एक हात गुडघ्यावर, तोंड भिंतीकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं वरीसभर."

मला माझीच लाज वाटली. भोकांची मापं मी चार वेळा घेतली होती, पण हा माणूस वाकतो कसा, ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"बगत काय बसलीस? हात दे," ते म्हणाले.

दोन्ही हातांनी त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना वर ओढलं. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून पॉइंट छातीइतका वर घेतला.