विसापासून खाली

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याच्या अंगणवाडीच्या ओसरीत मी रोज बसची वाट पाहायचो. आतल्या ताईंचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर कमरेला खोचलेला, आवाज दुपारपर्यंत बसलेला. घरी मराठी बोलणारी पोरं एक ते बीस पाठांतराने हिंदीत म्हणून टाकत. उलटं मोजताना मात्र विचार करावा लागे आणि मराठी तोंडात येई. ताई दर वेळी "उन्नीस, अठारह" असं दुरुस्त करत, कारण तपासणी हिंदीतून व्हायची आणि शेरा वाईट पडला तर काम जाणार होतं.

त्या दिवशी तपासणीच्या मॅडमनी एका चिमुरडीला उभं केलं.

"बीस, एकोणीस, अठरा..."

"हिंदी में बोलो."

पोरगी ताईंकडे पाहू लागली. मॅडमनी शेरा लिहिला, "गिनती नहीं आती."

त्या गेल्यावर मी भडकलो. "हा अन्याय आहे, ताई! तक्रार करा!"

"तुमीच करा भाऊ. मी सकाळपासून बोलूनच राहिली," असं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या.

पोरगी रडत जवळ आली. "मले येते ना, ताई."

"येते व माय. बीस."

"एकोणीस."

ताईंनी डोळे मिटले.

"अठरा," त्या म्हणाल्या.