सात घरांचं पेव

कडूबाचं नाव कडू काऊन ठेवलं, हे आमच्या वरवट बकालात कोनाले सांगा लागत नाई. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली. तिसरं झालं तवा माय म्हने, नावच असं ठेवा का मौतीनं तोंडात घेतलं तरी थुकून टाकलं पायजे. मौतीनं थुकलं खरं. पन जगू देनं येगळं अन् सुखानं जगू देनं येगळं, बापा.

मी निवृत्ती. त्याचा शेजारी. आमची घरं लागून, वावरंबी लागून. माह्यं तोंड खराब हाय असं सारं गाव सांगते. सांगू द्या. कडूबाची गोष्ट गोड तोंडानं सांगता येत नाई.

कडूबा म्हंजे आमच्या पेवाचा मानूस. पेव म्हंजे जवारी साठवाचा जमिनीतला खड्डा. तोंड लहान, पोट मोठं, आतून गवताचा थर, वरून मातीनं लिंपून बंद. भगवंतरावासारख्या मोठ्या जमीनदाराचं सोताचं पेव राहे. आमी दोन-चार एकरवाले. आमचं सात घरांचं मिळून एकच पेव. साऱ्यांची जवारी एकात एक. कोनाची किती, हे कडूबाच्या डोक्यात. पन त्याच्यात एक मेख होती. पेव एकदा उघडलं का परत बंद करता येत नाई. हवा शिरली का किडा शिरते. उघडाचं तर सारंच काढाचं, नाई तं हातच लावाचा नाई. म्हनून साती घरं हाव म्हनत तवाच कडूबा कुदळ उचले. तोंड उघडून एक दिवस हवा खाऊ दे, मंग दोरीनं कंदील आत सोडे. कंदील जळत राह्यला तरच उतरे, विझला तं कोनाले जवळ येऊ देत नसे.

अन् पेवाच्या जवारीले वास राहे. कुबट, मातीचा, थोडा आंबूस. उन्हात घातली तरी सारा जात नसे. शहरातला मानूस नाक दाबे. आमाले त्या वासाबिगर भाकर भाकर वाटत नसे.

लढाई चालू होती ते साल. बंगालात मानसं भुकेनं रस्त्यावर मरून राह्यली, अशी खबर आली. मंग एका मदत कमिटीचा कारकून गावात आला, जवारी इकत घ्याले. पयले गेला भगवंतरावाकडं. भगवंतराव म्हने, "दाना नाई घरात." पेवावर खाट टाकून बसलेला मानूस! त्याले भाव आनखी चढू द्याचा होता. मंग कारकून आमच्याकडं वळला. लहान मानसाचं दार ढकलाले सोपं.

चावडीवर बसलो साती घरं. मी तं सरळ सांगतलं, "मी नाई देत. नवी जवारी याले दोन-अडीच महिने हायेत. मधात आमच्या लेकराईनं काय माती खावा?"

कडूबा कधी चावडीवर बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"मी सहा-सात वर्साचा असन. तो मोठा दुष्काळ," तो म्हने. "सरकारनं लेकराईले जेवू घालाचा, ढोरायच्या आवारासारखा वाडगा बांधला होता, काट्याचं कुंपन टाकून. आत फक्त लेकरं. आतच खाचं, बाहीर न्याचं नाई. माही माय कुंपनाच्या बाहीर बसे अन् मले खाताना पाहे. मी जवारीच्या भाकरीचा एक घास मुठीत धरून निघे. दारावरचा शिपाई मूठ उघडून पाहे अन् घास खाली पाडे. रोज धरो, रोज पाडे. मंग एक दिवस माय बसलेली दिसली नाई."

 सातांतल्या एका घरची झुंबरबाई, तिनं पदर तोंडाले लावला.

"ते जवारी कोनाच्या तरी पेवातली होती ना बे, निवृत्ती?" तो मले म्हने. "ज्यानं ते देल्ली, तो मानूस मले कधी सापडला नाई. हे आपली बंगालात गेली म्हंजे त्याले भेटल्यासारखं होईन."

 ज्यानं नाई म्हनलं, तो मीच पयले हाव म्हनालो. मंग एकेक घर हाव म्हनालं. घरोघर थोडी जवारी ठेवली, पोटाले चिमटा घेऊन पुरन इतकी. बाकी सारी काढली.

कडूबाची बायको गोजरबाई पोत्यायची तोंडं शिवत बसली होती. सुतळी सरली. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडला अन् त्याच्या चिंध्यायनं उरलेली पोती बांधली.

"आवो, भेटन ना त्याईले?" तिनं कडूबाले इचारलं.

"भेटन ना वं. काऊन नाई भेटनार? कारकून म्हने चार दिसांत मालगाडीत भरतो."

बैलगाड्या ठेसनावर नेल्या. कारकुनानं वजन करून घेतलं, पैसे रोख देल्ले. त्याच्यात खोट नाई, खोटं कायले बोलू. पोती कुंपनाच्या आत थप्पी लावून ठेवली अन् आमी घरी आलो.

मंग लागला हत्ती नक्षत्राचा पाऊस. असा का घराबाहीर पाय ठेवता येत नसे. कडूबाचं जेवन गेलं. उठे, दारात जाये, आभाळ पाहे, परत येये. "गेली असन ना?" दहा बार इचारे. मी म्हनो, "गेली बापा, गेली. आता कलकत्त्यात भाकरी भाजून राह्यले असतीन. तू जेव." पन त्याचा जीव काही मानत नसे. पावसानं उघाड देल्ली तसा म्हने, "चाल निवृत्ती, एक बार पाहून येऊ."

गेलो. माय वं! थप्पी जशीच्या तशी. वर ताडपत्रीचा तुकडा, तोबी उडून एका बाजूले पडलेला. वरच्या पोत्यायतून हिरवे कोंब बाहीर आले होते. पोतं का वाफा, कळत नसे. मी ठेसनावरच्या बाबूले जाऊन असं झापलं का तो खुर्चीतून उठून उभा राह्यला. म्हने, "लढाईचा माल पयले जाते. डबे भेटले नाईत. मी काय करू?" कमिटीचा कारकून कुठी हाय, त्याले ठाऊक नाई. ज्याले इचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवे. मले तं वाटलं एकेकाच्या कानाखाली वाजवावी.

मी परत आलो तं कडूबा कुंपनापाशी उभा. तारेच्या बाहीर एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. तारेखालून हात घालून मातीत सांडलेले दाने येचून राह्यली होती. कापसाच्या जिनिंगात काम भेटन म्हनून जानेफळाकडून पायी आली होती, काम भेटलं नाई. लेकरू रडतबी नव्हतं. राखनदार आला अन् काठीनं तिच्या हातावर मारलं.

"ए, हट! भुकेल्याईचा माल हाय हा!"

कडूबा तारेखालून आत शिरला. थप्पीत खालच्या अंगाले त्याले हिरवा काठ दिसला. ते पोतं कोरडं होतं. त्यानं चिंधी तोडली नाई, गाठ सोडली नीट, चिंधी खिशात घातली. मंग ओंजळी भरभरून तारेवरून तिच्या पदरात जवारी टाकाले लागला. मी ओरडलो, "कडूबा, इकली बे आपुन! आपली नाई आता!"

तो मागं न पाहता म्हने, "आपली नाईच. भुकेल्याईचीच हाय."

राखनदारानं शिटी मारली. बाई लेकरू घेऊन पळाली, इतकं एक बरं झालं. कडूबा जागचा हालला नाई. मी मधात पडलो, राखनदारासंगं झोंबलो, माह्याबी पाठीत दोन बसल्या. पन पोलीस आले अन् त्याले घेऊन गेले.

कोर्टात साहेबानं इचारलं, "जवारी घेतली का?"

"घेतली नाई. देल्ली," कडूबा म्हने.

"कोनाची होती?"

"भुकेल्याईची."

साहेबाले वाटलं, हा टिंगल करून राह्यला. मदतीच्या धान्याची चोरी म्हनून तीन महिन्याची सजा ठोकली. भगवंतराव, ज्यानं एक दाना देल्ला नाई, तो पारावर बसून म्हने, "गरिबाच्या मालावर हात टाकला लेकाच्यानं." त्या दिवसापासून मी त्या मानसाले रामराम घातला नाई.

नवी जवारी आली. कडूबाचं वावर आमी साऱ्यांनी मिळून सोंगलं. पेव उघडंच होतं. भरा म्हनून कोनी म्हनलं नाई, अन् लिंपनारा जेलात. ज्याची त्याची जवारी ज्याच्या त्याच्या घरात गेली.

सजा सरली तवा मी त्याले आनाले गेलो. जाताना ठेसनावरून गेलो. कुंपनाच्या आत एक पोतं नव्हतं. मले, खरं सांगतो, रडू आलं. गेली म्हनलं, उशिरा का होईना गेली. हमालाले इचारलं, तं तो हासला. "कुठली जाते? खराब माल म्हनून लिलाव झाला. एका ठेकेदारानं मातीमोल उचलला." कोन्त्या ठेकेदारानं, त्याले ठाऊक नव्हतं.

कडूबाले हे सांगाचं का नाई, याचा इचार करतच जेलाच्या दारात गेलो. वाळून गेला होता. त्याले गाडीत बसवून निघालो. मीच शेवटी गाडी उभी केली अन् सांगून टाकलं, का लिलाव झाला, कोन्या ठेकेदारानं नेली.

"ठाऊक हाय मले," तो म्हने.

"तुले कसं ठाऊक?"

"दिवाळी झाली अन् जेलात भाकर बदलली. पयल्या दिवशी ताट पुढं आलं अन् वास आला. साऱ्याईनं नाक दाबलं." तो बैलाच्या पाठीकडं पाहत बोलत होता. "आपल्या पेवाचा वास मले ओळखू येनार नाई का बे? अन् खाल्ली मी, निवृत्ती. भूक लागे. रोज खाल्ली. लहानपनी खाये तवा माय बाहीर बसलेली दिसे तरी. आता कोन बसलं होतं बाहीर, तेबी दिसलं नाई मले."

 मी बैल हाकलले.

घरी आलो. गोजरबाईनं त्याच्या पायावर पानी घातलं, नव्या जवारीची भाकर केली, ताट पुढं ठेवलं. त्यानं खिशातून ती हिरवी चिंधी काढून तिच्याजवळ देल्ली. एक घास तोडला. तो तोंडात घातलाच नाई. मुठीत धरला अन् दाराकडं पाहत बसला.