मिठाचा हात

"मीठ टाकलंस का गो?"

दुपारी दोन वाजता समोरच्या गॅलरीतून हा प्रश्न आला की आम्ही समजायचो, मावशीच्या टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. प्रश्न टीव्हीतल्या ताईंना असे. खालच्या कापडाच्या कारखान्यातले लूम दिवसभर धडधडत, पण मावशीचा आवाज त्यांच्याही वरून यायचा. टीव्हीशी भांडणारं माणूस तुमच्याही शेजारी असेलच. आमच्या भिवंडीतल्या नारपोलीची ही बाई भांडून जिंकायचीसुद्धा.

ती मूळची खारबावची. नवरा गेल्यापासून एकटी. आसपास कुणाकडे लग्नाची हळद असली की मटणाच्या टोपावर उभं राहायला तिलाच बोलावणं. मसाला वाटायला चार बायका, भाकऱ्या थापायला दहा, पण मीठ टाकणार ती एकटी. मूठ भरायची आणि सोडायची, मोजमाप काही नाही. मग थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखायचा आणि मान हलवायची. तिनं मान हलवल्याशिवाय पंगत बसत नसे.

त्या मानेचा तिला कोण अभिमान! आणि तीच धोक्यात आली. एका तापात तिच्या तोंडाची चव गेली. ताप उतरला, चव काही परतली नाही. साखर काय नि मीठ काय, सगळं सारखंच. हे फक्त मला माहीत होतं. "तू मास्तरीन हायेस, तुज्या पोटात राहील," म्हणून तिनं मला सांगितलं, डोळ्यांना पदर लावला आणि लगेच दटावलंही, "कुनाला बोललीस तर बघ! हलदीची बोलावनी बंद झाली तर मी काय भिंतींना वाढू?"

मग आमचा गुपचूप कारभार सुरू झाला. तिच्याकडून वाटी यायची, मी चाखायची आणि गॅलरीतून खूण करायची. एक बोट म्हणजे मीठ कमी, दोन बोटं म्हणजे जास्त, उघडा पंजा म्हणजे बरोबर. माझ्या नवऱ्याला वाटायचं, मी मावशीला किती वाजले ते सांगतेय. हळदीच्या मंडपातही मी टोपाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. लोक म्हणायचे, मॅडमना मटणाची फारच हौस! म्हणोत बापडे.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मुलीला महाबळेश्वर हवं होतं. मिळालं कशेळी. नवरा तिथल्या एका गोडाउनात कामाला. शेजारच्या गोडाउनात नेमकं त्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचं शूटिंग चालायचं. त्याच्या ओळखीनं चार पास मिळाले, चौथा अर्थातच मावशीचा. लोक सुट्टीत डोंगर बघतात, आम्ही आपले ट्रेलरांच्या रांगेत रिक्षात उकडत गोडाउन बघायला निघालो. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, गोंदलेल्या हातात तिची एकुलती एक पाटली.

टीव्हीतलं ते चकचकीत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या तीन भिंती निघाल्या. खिडकीबाहेरचं झाड कापडावर छापलेलं. मावशीनं जाऊन नळ फिरवला. पाण्याचा थेंब नाही.

"अगो, मंग भांडी कोन घासतं?"

"सायलेन्स!" कुणीतरी ओरडलं. मावशी पदर तोंडाशी धरून पहिल्या रांगेत बसली.

त्या दिवशी भरली वांगी होती. ताई "आणि आता चवीनुसार मीठ" म्हणाल्या आणि लाइट गेली. भिवंडीचीच लाइट ती! जनरेटर चालू होईपर्यंत कढईतली वांगी पार लगदा झाली, म्हणून दुसरी कढई चढवली आणि शूटिंग तिथून पुढे सुरू झालं. शेवटी ताईंच्या मनात आलं, पाहुण्यांतल्या कुणीतरी चाखावं. "आजी, तुम्ही या ना!"

मी चाखलेलं नाही, खूण कसली करणार? मागच्या रांगेत आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब फोन वर धरून बसलेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, मावशी, नुसतं 'मस्त' म्हणा आणि परत या.

मावशीनं घास घेतला. सावकाश चावला. मान हलवली, पण आडवी.

"मीठ न्हाय."

ताई हसल्या. "थोडं कमी वाटतंय का?"

"कमी न्हाय. न्हायच."

संपलं, मला वाटलं. आता ताई चाखणार आणि मावशीचं बिंग सगळ्या गल्लीपुढे फुटणार. ताईंनी चाखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कॅमेरावाल्यानं चाखलं, तो तर पोट धरून हसायला लागला. "चाची सही बोल रही है, नमक है ही नहीं!"

मीठ टाकण्याचा तेवढा तुकडा पुन्हा घ्यायचं ठरलं. ताई मनानं मोठ्या. म्हणाल्या, "आजी, आता तुम्हीच टाका."

येताना नवरा पुढे ड्रायव्हरशी गप्पा मारत होता, मुलगी पेंगत होती. मी मावशीच्या कानाशी लागले. "चव आली की काय?"

"कसली येते! ती बया तोंडानं मीठ बोलली, लाइट गेली, कढई बदलली. नव्या कढईत टाकलं कुनी? मी तर हातांकडंच बघत व्हती."

"मग घास एवढा सावकाश कशाला चावलात?"

"मंग? चाखायला नको?"

तो भाग लागला तेव्हा अख्खी गल्ली तिच्या खोलीत. मावशीचा चेहरा कापलेला, 'मीठ न्हाय' कापलेलं. उरला होता फक्त तिचा गोंदलेला हात, कढईवर मीठ सोडताना. आम्ही हळहळलो. ती खूश! "हातच बघायचा असतो. तोंड काय, कुनाचं पन असतं." त्यानंतर हळदीची बोलावणी दुप्पट झाली.

गेल्या माघात ती दोन दिवसांच्या आजारात गेली. आदल्याच रविवारी एक हळद उरकून आलेली. तिची चव गेल्याचं शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मावशी, आज पहिल्यांदाच सांगतेय, रागावू नका.

जुने भाग दुपारी पुन्हा दाखवतात. परवा मी जेवत होते आणि भरली वांगी लागली. समोरची गॅलरी बंद, प्रश्न विचारायला कुणी नाही. तेवढ्यात पडद्यावर तो हात आला, ती पाटली, ते गोंदण. मी डावा पंजा उघडून टीव्हीसमोर धरला.

"आत्ता कुठे पाच वाजलेत?" नवरा म्हणाला.

मावशीचा हात पडद्यावरून जाईपर्यंत मी पंजा खाली घेतला नाही.