उष्टा चहा

आमच्या झुंबरआक्काचा जगात कुणावर म्हणून भरवसा नाही. दूधवाला पाणी घालतो, कंपाउंडर रिकामी सुई टोचतो. ऐकून ऐकून माझे कान किटले. मी दिपमाला, तिची धाकटी जाऊ. रावेरजवळच्या खेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून.

गेल्या वर्षी आक्का सुकायला लागली. चार पावलं टाकली की धाप, तोंड पांढरंफटक. संशय आला सुनेवर. मयुरी धुळ्याची, शिकलेली. आक्काच्या लेकाने, हितेंद्रने, घरी संडास बांधला, त्यात ती मोबाईल घेऊन दार लावते, एवढंच निमित्त! "आत कोनाशी बोलते? चहात काय टाकते?" मयुरीने चहा आणला की आक्का म्हणायची, "आधी तू पी." ती बिचारी निमूट एक घोट घ्यायची आणि कप पुढे करायची. तीन महिने, रोज! खोटं कशाला बोलू, एकदा मीही तो कप हुंगून पाहिला.

आक्का मात्र त्या संडासात पाय ठेवायची नाही. डबा घेऊन केळीच्या बागेत जायची, तेही अनवाणी. बाग म्हणजे लक्ष्मी, म्हणून वहाणा बांधावर काढायच्या. लक्ष्मीला वहाण चालत नाही, बाकी सगळं चालतं!

शेवटी "ही राहील नाहीतर मी" म्हणून तिने हितेंद्रला मयुरीला माहेरी सोडायला लावलं. मग महिनाभर स्वतःच्या हातचं खाल्लं आणि तरीही अंगणात कोसळली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

"विष तपासा," आक्का म्हणाली.

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, रक्ताची आणि शौचाची तपासणी केली. "विष नाही आक्का, आतड्यात अंकुशकृमी आहेत. माणसाच्या विष्ठेतून त्यांची अंडी जमिनीत पडतात. ओल्या मातीत अळ्या होतात आणि उघड्या तळपायातून आत घुसतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळल्या की आतड्यात. तिथे चिकटून रक्त पितात, पुन्हा अंडी घालतात. पायाला खाज येत होती का?"

आक्काने पाय साडीत ओढले. "म्हंजे माह्यंच मले भोवलं?"

"बहुतेक तसंच."

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "पोरीचा संसार मोडत होतीस, कळतंय का?"

जंताची गोळी झाली, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चालता यायला लागलं तशी वहाणा घालून ती एकटी एसटीने धुळ्याला गेली. व्याह्यांच्या दारात हात जोडले म्हणे. मयुरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. आक्काने जन्मात पहिल्यांदा सुनेसाठी चहा केला, दोन कप समोर ठेवले. मयुरीने आक्काचा कप उचलला, एक घोट घेतला आणि तिच्यापुढे सरकवला. टोमणा नव्हता हो, हाताला सवयच लागली होती.

आक्का पदर तोंडाला लावून हमसून रडायला लागली. आपलं काय चुकलं, ते मयुरीला कळेचना.